न वाचलेल्या दोन ओळी

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. गावात कुणी आक्काचा विषय काढला की मी चष्मा पुसत बसायचो, नाहीतर पाऊसपाण्याचं काहीतरी बोलायचो. आता ऐंशीच्या पुढे गेलो आहे. त्या प्रकरणात गावाने एका डॉक्टरीणबाईंना दोष दिला आणि मी तो देऊ दिला. निदान तेवढं तरी दुरुस्त करून जावं म्हणून लिहायला बसलो आहे.

आक्का म्हटलं की मला आधी तिचा हात दिसतो. कुणी कुणापुढे कागद सरकवला आणि शाईचा पॅड उघडला, की आक्का आपला तळहात कागदावर पालथा ठेवायची. दुधाचे कॅन घासून घासून तो हात भेगाळलेला. "आंगठा घरचाच हाय," ती म्हणायची, "पळून जात न्हाई. आदी सांगा."

तिचं नाव लिहीत नाही. तिच्या घरच्यांना ते आवडायचं नाही, आणि तशीही ती सगळ्या गावाची आक्काच होती. आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटच्या अलीकडे. मी गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. ती तिथेच कॅन धुवायची आणि फॅट काढण्यासाठी नमुन्याच्या बाटल्या भरायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, नवरा लवकर गेलेला, एकच मुलगा. शाळेची पायरी कधी चढलेली नाही. खूश असली की मला "भाऊ" म्हणायची, चिडली की "सेक्रेटरी". दिवसातून दोन्ही ऐकायला मिळे.

एकदा चेअरमनच्या घरचं दूध आलं. आक्काने बोटावर थेंब घेतला, नखावरून ओघळू दिला आणि भरल्या रांगेसमोर म्हणाली, "चेअरमनची म्हैस आज हिरीत पवून आली जनू." चेअरमन हसले. हसण्यावाचून करतात काय? कॅन परत गेला.

दवाखान्याचं तिचं काम सुरू झालं ते तिच्या जावेपासून. जावेच्या छातीत गाठ निघाली. दीर तिला शेजारच्या जिल्ह्यातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिला बाहेर बाकावर बसवून पुरुषमाणसं आत गेली, बाहेर आली, "बारीक ऑपरेशन हाय" म्हणाली आणि अंगठा घेतला. शुद्धीवर आल्यावर जावेने पदराखाली हात घातला, तर एक बाजू सपाट.

"तिनं येवढंच इचारलं," आक्का सांगायची. "म्हनली, मला कावून सांगितलं न्हाई? मी काय न्हाई म्हनले असते व्हय?"

जाऊ बरी झाली, पुढे तिने नातवंडं खेळवली. पण नवऱ्याशी ती पुन्हा नीट बोलली नाही.

तुम्ही आमच्या भागात राहिला असाल तर ही रीत तुम्हीही पाहिली असेल. या रोगाचं नाव रोग्यापुढे काढायचं नाही. गाठ म्हणायचं, सूज म्हणायचं, उष्णता म्हणायचं. नातेवाइकांनी आत जायचं आणि रोग्याने बाकावर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं. यात दुष्टावा नसतो. माया असते, आणि माणूस हबकून जाईल ही भीती असते. आक्काला ती माया मान्य नव्हती. गावात कुणाची तपासणी निघाली की ती पदर खोचून बरोबर निघायची, आणि वाचायला मला घ्यायची. सकाळचं दूध संकलन आटोपलं की आम्ही एसटी धरायचो.

पद्धत तिचीच होती. मी कागद वाचायचा. ती तो आपल्या भाषेत सांगायची. मग रोग्याने तेच तिला परत सांगायचं. "आता तू सांग. तुला काय करनारेत? न्हाई केलं तर काय व्हईल? दुसरं काय करता येतं?" रोगी अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. मला कंटाळा यायचा. तिला कधी आला नाही.

एकदा गर्भपिशवीचा रोग असलेल्या एका बाईला घेऊन आम्ही आत गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तिला विचारतायत, त्रास कधीपासून आहे, आणि उत्तर देतोय नवरा. दुसरा प्रश्न, पुन्हा नवराच.

"आरं बाबा," आक्का म्हणाली, "पिशवी तुला हाय का तिला?"

"तिला."

"मंग तोंड बी तिलाच उघडू दे की!"

डॉक्टरीणबाईंनी फाईल तोंडापुढे धरली. त्या तेव्हा नव्या होत्या, वयाने लहान. पुढे त्यांचा आक्कावर इतका जीव जडला, की आमच्या बाजूचा रोगी आला की आधी विचारायच्या, "आक्का आल्यात का?"

टक्के हा शब्द आक्काला पटायचा नाही. डॉक्टर सांगायचे, अमुक टक्के बायका बऱ्या होतात. रोगी मान हलवायचा आणि बाहेर येऊन आम्हाला विचारायचा, "म्हंजी मी व्हनार का न्हाई?" आक्काने त्यावर तोड काढली. डेअरीत तिने नमुन्याच्या दहा बाटल्या रोग्यापुढे ओळीत मांडल्या. "ह्या धा बाया. तुझ्यासारक्याच. औषिद घेतलं तर ह्या इकडच्या घरी येत्यात." मग उरलेल्या बाटल्या ती हळूच बाजूला सारायची. "ह्या न्हाई येत. आता तू कंची बाटली, त्ये डाक्टरला बी ठावं न्हाई अन् मला बी न्हाई." दूध घालणाऱ्या गावाला बाटल्यांची भाषा कळायची. बायका रडायच्या, पण कळून रडायच्या. तिची ख्याती लांब तलवाड्यापर्यंत गेली होती.

पण तिच्या पद्धतीची एक बाजू मला पचत नव्हती. गावात एक म्हातारा मेंढपाळ होता. त्याच्या घशात रोग निघाला. आक्काने बाटल्या मांडल्या, सगळं सांगितलं, त्याच्याकडून वदवून घेतलं. म्हाताऱ्याने नीट परत सांगितलं आणि म्हणाला, "समदं कळलं. मला न्हाई करायचं. माझी मेंढरं अन् मी." आणि तो कळपामागे निघून गेला. पुढचा उन्हाळा त्याने पाहिला नाही. त्याच्या मुलांनी डेअरीसमोर येऊन आक्काला नाही नाही ते सुनावलं. मीही म्हणालो, "आक्का, इतकं खोलात सांगायला नको होतं. माणूस हातचा गेला."

"सेक्रेटरी," ती म्हणाली, "जीव कुनाचा व्हता?"

ती आत गेली आणि धुतलेलेच कॅन संध्याकाळपर्यंत पुन्हा घासत बसली.

मग दुष्काळ आला. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं. दूध इतकं आटलं की कॅन उपडे पडून राहिले. आमच्या सोसायटीने चारा छावणी चालवायला घेतली. आक्का छावणीवर आली. टँकर आला की पाईप ओढायची, जनावरांच्या टाक्या भरायची, आणि रांग मोडणाऱ्याला लांबूनच हाणायची: "ये बे, तुझ्या बैलाला तहान हाय अन् दुसऱ्याच्या गाईला न्हाई व्हय?" तिचा आवाज छावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा.

तो आवाज जड झाला तेव्हा आम्हाला वाटलं धुळीने. ती भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. विचारलं तर म्हणाली, "उष्नता हाय." तिला तंबाखूच्या मिश्रीची सवय होती. जिभेखाली चट्टा होता, तो तिने पावसाळाभर लपवला. दुसऱ्यांना रोगाचं नाव घ्यायला लावणारी बाई स्वतःच्या वेळी उष्णता म्हणाली, यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

शेवटी मुलाने आणि मी तिला दवाखान्यात नेलं. तुकडा तपासायला गेला. निकालाच्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा गेलो. आक्काला एक्स-रेच्या रांगेत उभं केलं होतं, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी मुलाला आणि मला आत बोलावलं. मी म्हणायला हवं होतं, तिला येऊ द्या. म्हणालो नाही.

बाईंचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "रोग जिभेत खोल गेलाय. ऑपरेशन केलं तर आशा जास्त आहे, पण जीभ जवळजवळ सगळी काढावी लागेल. बोलणं परत येणार नाही. दुसरा मार्ग शेक, म्हणजे रेडिएशन, आणि औषधांचा. त्यात जीभ राहील, आशा कमी आहे. दोन्हींपैकी कोणताही घेतला तरी मी सोबत आहे. पण ठरवायचं आक्कांनी. सगळं या कागदावर मराठीत लिहिलंय. तुम्ही नेहमी वाचता तसं वाचा, त्यांच्याकडून परत वदवून घ्या, मगच अंगठा." आणि त्या दुसऱ्या एका रोग्याच्या ऑपरेशनला निघून गेल्या.

बाहेर बोळकंडीत मुलाने माझी बाही धरली. "काका, जिबंचं सांगू नका."

"अरे, असं कसं?"

"माय न्हाई म्हननार. त्या म्हाताऱ्यावानी करील. तुमच्या पाया पडतो, पन सांगू नका." खरंच वाकला तो. उलटसुलट बोलत होता, रडत होता. "मला एकच माय हाय, काका."

आजवर मी स्वतःला इतकंच सांगत आलो, की मुलाच्या रडण्याने मी विरघळलो. ते खरं आहे, पण अर्धं. माझ्या खिशात छावणीच्या कपाटाची किल्ली होती. संध्याकाळी तहसीलचे लोक जनावरं तपासायला येणार असा निरोप होता, आणि रजिस्टर त्या कपाटात होतं. दुपारची एसटी सुटायला थोडाच वेळ उरला होता. दोन मार्ग आहेत म्हटलं असतं तर आक्काने मला तीनदा वाचायला लावलं असतं, दहा प्रश्न काढले असते, डॉक्टरीणबाई येईपर्यंत बाकावर बसवून ठेवलं असतं. एसटी गेली असती. हे माझ्या मनात होतं. मुलगा रडत असताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं.

आक्का आली, बाकावर बसली, कागदावर तळहात ठेवला. "वाच भाऊ."

मी वाचलं. तिचं नाव वाचलं, रोगाचं नाव वाचलं. तेही वगळलं असतं तर तिने मला पकडलंच असतं. गाठ काढण्यासाठी शस्त्रक्रिया, हे वाचलं. त्याखाली दोन ओळी होत्या. एक, जिभेचा बहुतेक भाग काढावा लागेल आणि बोलणं कायमचं जाऊ शकेल. दुसरी, याऐवजी शेक व औषधे हा पर्याय आहे. त्या दोन ओळींवरून माझी नजर घसरली आणि मी पुढे टाके, नळीने जेवण, ऑपरेशननंतरचा शेक, किती दिवस राहावं लागेल, हे वाचत गेलो. आवाज कुठेही अडखळला नाही. इतकी वर्षं वाचून वाचून मी चांगला वाचणारा झालो होतो.

तिने परत सांगितलं. "गाठ काडनार. नळीनं जेवायचं. मंग शेक. बराबर?"

"बरोबर."

"दुसरं काय करता येतं?"

"काही नाही."

"बोलन्याचं कसं?"

"काही दिवस जड जाईल."

मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. आक्काने तळहात उचलला आणि अंगठा दिला. मी एसटी पकडली.

दुसऱ्या सकाळी ऑपरेशनला नेताना डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं. मुलाने मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, "आक्का, कागद वाचून घेतला ना? दोन्ही बाजू कळल्या ना?" आणि आक्का म्हणाली, "भाऊनं वाचलाय." माझ्या माहितीप्रमाणे ते तिचे शेवटचे शब्द.

तहसीलचे लोक त्या संध्याकाळी आलेच नाहीत. चार दिवसांनी आले.

आक्का घरी आली ती गळ्यात मफलर गुंडाळून. घशातून आवाज निघायचा, शब्द नाही. लिहिता येत नव्हतं. तुम्ही क्षणभर याचा विचार करा. मुक्या झालेल्या शिकल्या माणसाला पाटी-पेन्सिल असते. तिला तेही नव्हतं. हातवारे करायची, समोरचा दोन-तीन अंदाज बांधायचा, चुकायचा, मग ती हात खाली घ्यायची. मोठमोठ्याने बोलायचे लोक तिच्याशी, जणू ती बहिरी झाली होती.

गावाने ठरवलं की दवाखान्याने न सांगता जीभ कापली. डेअरीच्या कट्ट्यावर हीच चर्चा. एकाने मला सरळ विचारलं, "सेक्रेटरी, तुमी गेलते नव्हं? सांगितलं व्हतं का त्या बाईनं?"

मी म्हणालो, "त्या घाईत होत्या."

त्या घाईत नव्हत्या. घाईत मी होतो. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, लिहून दिलं होतं, आणि कुणी ठरवायचं तेही बजावलं होतं.

माझ्या त्या एका वाक्याचं पुढे काय झालं ते पाहिलं मी. तलवाड्याकडची एक बाई नवऱ्याला घेऊन डेअरीवर आली. छातीत गाठ होती, आक्काला सोबत न्यायला आली होती. तिला काही ठाऊक नव्हतं. आक्का उठली. क्रेटमधून बाटल्या काढून तिने बाईपुढे मांडल्या. इकडे काही, तिकडे काही. बोटाने दाखवलं, बाईच्या छातीकडे दाखवलं, पुन्हा बाटल्यांकडे. घशातून आवाज काढला. बाई घाबरून नवऱ्याकडे बघू लागली. कुणीतरी नवऱ्याच्या कानात सांगितलं की त्या दवाखान्याने हिचीच जीभ कापली. नवऱ्याने बायकोचा दंड धरून तिला उठवलं. "चल. आपल्याला न्हाई जायाचं तितं." पुढे ती कुण्या झाडपाल्यावाल्याकडे गेली असं ऐकलं. परत कधी काही ऐकलं नाही. आक्काने एकेक बाटली क्रेटमध्ये ठेवली. मी पाठमोरा बसून वही लिहिण्याचं सोंग करत होतो.

त्यानंतर काही दिवसांनी ती माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. हातात घडी घातलेला कागद. दवाखान्याने एक प्रत घरी दिली होती. ती तिने अंगणवाडीच्या बाईंकडून वाचून घेतली होती, हे मला मागाहून कळलं. कागद टेबलावर पसरून तिने बोट ठेवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण बोट नेमकं त्या दोन ओळींवर होतं. अंगणवाडीच्या बाईंनी खाली पेनाने रेघ मारून दिली होती.

ती रागावलेली नव्हती. तसं असतं तर बरं झालं असतं. तिने भुवया उंचावल्या आणि वाट बघत राहिली.

"टँकर आला वाटतं," मी म्हणालो आणि बाहेर पडलो. टँकर आला नव्हता. छावणीच्या मागे कडब्याच्या गंजीआड मी बराच वेळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा टेबल रिकामं होतं.

वर्षाच्या आत रोग मानेत परत आला. म्हणजे तिचा जीव वाचवला, एवढं म्हणायची सोयही उरली नाही. शेक आणि औषध घेऊन ती कदाचित लवकर गेली असती, कदाचित नसती गेली. कुणाला ठाऊक? पण जितके दिवस मिळाले असते तितके ती बोलली असती. रांग मोडणाऱ्यांना हाणलं असतं, चेअरमनची म्हैस काढली असती, मुलाला काय हवं नको ते सांगून गेली असती. किंवा सगळं ऐकून तिनेच म्हटलं असतं, काडा जीब. मला ते कळणार नाही. तिला विचारलंच नव्हतं.

एका दुपारी धीर करून तिच्या घरी गेलो. ओसरीवर खाटेवर पडली होती, सुकून लहान झालेली. मुलगा पायाशी बसला होता. त्याच्यासमोर बोललो तर त्याचं नाव निघणार होतं, आणि तो तर आधीच अर्धा झाला होता. मी त्याला पाणी मागितलं. तो आत गेला.

"आक्का," मी म्हणालो, "त्या कागदावर..."

तिने मान माझ्याकडे वळवली. माझ्या तोंडाकडे बघू लागली. ओठ हलतात कसे, तेवढंच बघत होती. आत रांजणावरचं झाकण वाजलं. तांब्या घेऊन मुलगा बाहेर आला. मी पाणी प्यायलो.

"टँकरचंच हाय," तो म्हणाला.

"चांगलं आहे," मी म्हणालो. छावणीत जनावरं कमी झाली, सरकी महागली, असलं काहीबाही बोललो आणि उठलो. चपला घालताना वळून पाहिलं. ती अजून माझ्या तोंडाकडेच बघत होती.

त्यानंतर ती अकरा दिवस होती. तिचं घर माझ्या घरापासून चार घरं सोडून. रोज सकाळी मी दाराशी उभा राहून वाक्य जुळवायचो, आणि डेअरीकडे वळायचो. वाक्य मोठं नव्हतं. आक्का, दोन ओळी मी गाळल्या. ठरवायचं तुझं होतं, ते मी एसटीच्या वेळेसाठी तुझ्या हातातून काढून घेतलं. मला माफ कर.